संत्र्याच्या बगीच्यातलं विश्वसनीय सूत्र

बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी मरते. किस्से मरत नाहीत, कारण ते कोणी छापतच नाही! आमच्या पेपरचं नागपूरचं डेस्क म्हणतं, "मॅडम, यात बातमी कुठे आहे?" आणि बातमी नाही म्हणून जे जे परत आलं, ते इतकी वर्षं माझ्याकडे साचत गेलं. आता अशी स्थिती आहे की पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर मी बसले की चहावाला विचारतो, "मॅडम, हाफ की फुल?" तो चहाबद्दल नाही, किश्श्याबद्दल विचारत असतो.

हे खालचे सगळे किस्से एकाच ठिकाणचे आहेत. सौंसरजवळ, मोहगावच्या रस्त्यावर, संत्र्याच्या एका बगीच्यात लेस्बियन आणि क्वीअर लेखकांचं शिबिर भरलं होतं. मी तिथे गेले होते. बातमीसाठी नाही. मी लेस्बियन आहे आणि मी लिहिते, म्हणून. हे वाक्य तुम्हाला सोपं वाटलं असेल. मला ते लिहायला काय काय करावं लागलं, ते ऐका.

* * *

मुळात मला जायचंच नव्हतं. कमलनं पाठवलं.

कमल मेश्राम म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातली रिटायर सिस्टर. अर्ध्या पांढुर्ण्याला तिनं इंजेक्शन दिलं आहे आणि उरलेल्या अर्ध्याला दम. वीसेक वर्षांपासून आम्ही दोघी एका घरात राहतो. ती रिटायर झाली तेव्हा दवाखान्यात निरोप समारंभ झाला. बातमी अर्थातच मी दिली. शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं मार्गदर्शन, सूत्रसंचालन, आभार, सगळं रीतसर. शेवटी नेहमीची ओळ, "कार्यक्रमाला शहरातील मान्यवर उपस्थित होते."

कमलनं पेपर वाचला. चष्मा काढला.

"यात तू कुठं आहे वं?"

"मान्यवरांमध्ये."

"आणि माझ्यावर किती ओळी?"

"चांगल्या चार आहेत!"

"त्यातल्या तीन तर नारळावर आहेत!"

त्याच आठवड्यात तिनं मोबाईलवर या शिबिराचं आवाहन पाहिलं आणि मला न विचारता माझं नाव पाठवून दिलं. "स्वतःबद्दल थोडक्यात" असं विचारलं होतं. तिथे माझ्या वतीनं तिनं लिहिलं, "बाई रागीट आहे. पण आवाजच मोठा आहे, बाकी काही करत नाही."

निवड झाली! पुण्यामुंबईच्या कित्येक कवयित्रींनी पानं भरभरून लिहिलं होतं आणि त्यांचा नंबर लागला नव्हता, अशी माझी पक्की माहिती आहे.

निघताना कमल दारात उभी राहिली. "एकच मागते तुले. एक वाक्य लिहून आण. त्यात तुझं नाव आणि माझं नाव, दोन्ही पायजे. पेपरात असते तसं, ठणठणीत."

"एक वाक्य? मी दिवसाला चार बातम्या पाठवते!"

"तेच तर म्हणून राहिली मी. इतक्या वर्षांत एक नाही जमलं."

भांडायला वेळ नव्हता. सौंसरची बस लागली होती.

* * *

शिबिर घेणारी ओवी पुण्याची. वयानं माझ्या भाचीएवढी, आणि बोलते इतकी हळू की तिच्याशी भांडताच येत नाही. माणसानं समोरून थोडा तरी आवाज चढवायला नको का?

पहिल्या सकाळी तिनं आम्हा दहाबारा जणांना झाडाखाली सतरंजीवर गोल बसवलं. म्हणाली, "इथे सगळ्यांचं स्वागत आहे. ज्याला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा."

माझ्या शेजारी ईरा नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "मी ईरा. कविता लिहिते." आणि थांबली.

आता इथे कोण थांबू देईल? मी विचारलं, "पूर्ण नाव? वय? मूळ गाव? घरी कोण कोण असतं? प्रकार पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला?"

ईराचे डोळे भरून आले. गोलातल्या दोघीतिघी सतरंजीवरून जरा मागे सरकल्या.

ओवी म्हणाली, "ताई, इथे आपण एकमेकींना प्रश्न विचारत नाही. फक्त ऐकतो."

"मग बातमी कशी होणार?"

"बातमी होणारच नाहीये, ताई."

"मग एवढे लोक कशाला बोलावले?"

* * *

बगीच्याचे मालक दामोदरकाका. सत्तरीचे, डोक्याला टॉवेल, कानात कायम मोबाईलची एक वायर. त्यांनी शेतावरचं घर शिबिराला दिलं होतं. त्यांना काय सांगून घेतलं असेल, याची मला पहिल्या दिवसापासून काळजी. या भागातली मी माणसं ओळखते. कधी ना कधी प्रश्न येणारच. मी तयारी करून ठेवली. घटनेची कलमं, कोर्टाचे निकाल, डॉक्टर मंडळींचं म्हणणं, सगळं जिभेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला बाजूला घेऊन गेले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आवाज खाली.

"मॅडम, तुम्ही आपल्या भागातल्या हा, म्हणून तुमाले विचारतो. या पोरी..."

"विचारा!" मी पदर खोचला.

"म्हणजे या दोघी दोघी एका खाटेवर..."

"हो! झोपतात! पुढे?"

"पुढे काही नाही बाप्पा. बारा खाटा आणल्या, सातच लागून राहिल्या. पाच वापस पाठवू काय? टेंटहाऊसवाला सकाळपासून फोन करून राहिला. लग्नाचा सीझन हाय."

माझी सगळी कलमं घशातच राहिली. त्या शिबिरात माझ्या वाट्याला भांडण म्हणून येत नव्हतं. जिकडे जावं तिकडे स्वागत!

* * *

दुपारी लिहायला बसवलं. विषय सोपा होता. आपलं सगळ्यात जवळचं माणूस. एकच अट, "मी" या शब्दानं सुरुवात करायची.

मी पेन टेकवलं आणि हात आपोआप चालू लागला. पाच मिनिटांत बातमीची कॉपी तयार. उभी राहून वाचली:

"पांढुर्णा: येथील दोन महिला गेल्या अनेक वर्षांपासून एकाच घरात वास्तव्यास असून त्यांच्यात प्रेमाचे संबंध असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते. याबाबत परिसरात समाधानाचे वातावरण आहे."



ओवीनं अगदी हळू विचारलं, "ताई, हे विश्वसनीय सूत्र कोण?"

"मी."

"मग मी असं लिहा ना."

"असं कसं? सूत्राचं नाव उघड करता येत नाही!"

* * *

तिसऱ्या दिवशी गेटवर गुड्डू आला. गुड्डू म्हणजे सौंसरचं यूट्यूब चॅनल. एक माईक, एक मोबाईल आणि सेल्फीची काठी. मी दिलेल्या बातम्या तो माझ्या चुकांसकट वाचून दाखवतो. त्याला कुठून तरी वास लागला होता.

"काय चालू आहे बगीच्यात? जनता जानना चाहती है!"

दामोदरकाका गेटवर आडवे. "शिबिर हाय. लेखिका लोकायचं."

"कोणत्या लेखिका?"

"ज्या लिहितेत त्या!"

आत पोरी घाबरल्या. दोघीतिघींच्या घरी अजून माहीत नाही. एकीनं तर कॅमेरा पाहून ओढणी तोंडावर घेतली. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. तीन दिवस अडवून धरलेलं भांडण शेवटी चालून दारात आलं होतं!

मी गेटबाहेर गेले. "गुड्डू, बाईट पाहिजे ना? घे. चालू कर."

त्यानं माईक पुढे केला. "मॅडम, आप यहाँ क्यों आई हैं?"

"चांगला प्रश्न विचारला," मी म्हटलं. "कशी आले ते आधी ऐक." आणि सुरू झाले. मोहगावच्या रस्त्यावरचे खड्डे. कोणता खड्डा कोणत्या मळ्यासमोर, कोणता किती जुना, कोणत्यात संत्र्याची गाडी उलटली, कोणत्यात बाळंतिणीची गाडी फसली. गुड्डू मध्येच "मॅडम, लेकिन" म्हणायचा. मी म्हणायचे, "तोडू नको, जनता जानना चाहती है." त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली, तेव्हा मी अजून मोहगावलासुद्धा पोहोचले नव्हते.

संध्याकाळी त्यानं ते सगळंच्या सगळं चॅनलवर टाकलं. करणार काय, दुसरं त्याच्याकडे काही नव्हतंच.

चौथ्या दिवशी सकाळी गेटसमोर ट्रॅक्टर उभा. मुरूम टाकून खड्डे बुजवणं चालू!

दामोदरकाकांनी मुरूम पायानं दाबून पाहिला. मग ओवीला म्हणाले, "बाई, हे शिबिर दरवर्षी घेत जा!"

* * *

ईरानं त्या पहिल्या दिवसाबद्दल मला माफ केलं होतं. चौथ्या दिवशी सकाळीच ती तिची लांबलचक कविता घेऊन आली. चार पानं. चंद्र, मीठ, उंबरठा, पुन्हा चंद्र. "ताई, मोकळेपणानं सांगा."

मी लाल पेन घेतलं. मला दुसरं काही येत नाही. चंद्र दोन्ही उडवले. मीठ उडवलं. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती, "ती न सांगता निघून गेली." ती उचलून वर ठेवली.

"मुद्दा हा आहे. तो आधी पाहिजे. वाचकाला घाई असते."

चार पानांच्या तीन ओळी झाल्या. ईरानं त्या तीन ओळी वाचल्या. मग रडायला लागली, ती चांगली हुंदके देऊन. ओवी धावत आली. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

नाक पुसत ईरा म्हणाली, "माझी थेरपिस्ट कधीपासून हेच काढायला बघत होती. तिला नाही जमलं!"

* * *

त्या दुपारी जेवताना पोरी मागे लागल्या. ताई, तुमची लव्ह स्टोरी!

सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या दोन काठांवरून दोन बाजूंचे लोक एकमेकांवर दगड फेकतात आणि पत्रकार मध्ये उभा राहून ते लिहून घेतो. त्या वर्षी एक दगड माझ्या कपाळावर आला. मी ओरडत होते, "प्रेस! प्रेस!"

दवाखान्यात टाके घालणारी सिस्टर म्हणाली, "दगडाले वाचता येते काय?"

ती कमल. म्हणाली, "पुढच्या वर्षी हेल्मेट घालून येजा."

पुढच्या वर्षी मी हेल्मेट न घालताच गेले.

सगळ्या पोरींनी एका सुरात "ओऽऽ" केलं. मी ठणकावून सांगितलं की हेल्मेट त्या दिवशी भाच्यानं नेलं होतं. कोणी ऐकून घेतलं नाही.

मग ईरानं विचारलं, "आणि गावाला काय वाटतं?"

गावाला काय वाटणार? आमच्या घरमालकीण सुमनकाकू आम्हाला रूम पार्टनर म्हणतात. मी पन्नाशी कधीच ओलांडली, कमल साठीला टेकली, तरी रूम पार्टनर! नव्या भाडेकरूंना काकू आमचं उदाहरण देतात. "या दोघी पाहा. इतक्या वर्षांत घरात एक माणूस येऊ दिला नाही!"

आपलं प्रेम गुन्हा नाही असा कोर्टाचा निकाल लागला, त्या दिवशी कमल जिलबी घेऊन आली. पहिली प्लेट काकूंना.

"कायची वं जिलबी?"

"जुनी केस होती काकू. निकाली निघाली."

"जमिनीची होती काय?"

"नाही. राहत्या घराची."

काकूंनी दोन जिलब्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. कब्जा सोडू नका."

पोरी हसून हसून लोळल्या. मी पण हसले. मग हात धुताना लक्षात आलं की उद्या शिबिराचा शेवटचा दिवस. उद्या सगळ्यांनी वाचायचं. घरच्या माणसांनाही बोलावलं होतं, दुपारच्या बसनं कमल येणार होती. आणि तिचं वाक्य अजून झालं नव्हतं.

* * *

उन्हं उतरल्यावर ओवीनं शेवटचं काम दिलं. "कल्पना करा की तुम्ही आता नाही आहात. स्वतःबद्दल एक परिच्छेद लिहा. खोटं एकही नको. झालं की ग्रुपवर टाका."

शेवटी माझ्या प्रांतातला विषय! निधन वार्ता मी झोपेतही लिहू शकते. बाकीच्या पोरी अजून झाडांकडे पाहत होत्या, तेवढ्यात मी मोबाईलवर निम्मी टाईप केली:

"पांढुर्णा: येथील ज्येष्ठ पत्रकार शालिनी गजभिये यांचे गुरुवारी अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांनी या भागातील प्रश्नांना निर्भीडपणे वाचा फोडली. त्यांच्या मागे"

आणि अंगठा थांबला.

"त्यांच्या मागे" झालं की पुढे काय येतं ते ठरलेलं आहे. पती किंवा पत्नी, मुलं, सुना, नातवंडं. नसतील तर भाऊ, भाचे, पुतणे असा मोठा आप्तपरिवार. माझा भाऊ भोपाळला असतो. दिवाळीला फोन करतो, तोही मुलाच्या नोकरीचं विचारायला. तो या ओळीत हक्कानं बसतो. आणि रोज सकाळी माझं बीपी पाहून मग चहा ठेवणारी कमल? ती कुठे बसवायची?

ईरानं डोकावून पाहिलं. "ताई, पार्टनर लिहा."

"आमच्याकडे पार्टनर कापसाच्या जिनिंगमध्ये असतो."

"सहचारिणी?"

"कमल म्हणेल, हे कोणत्या गोळीचं नाव आहे."

"मैत्रीण?"

मैत्रिणी तर मला टपरीवर पण चार आहेत!

मग मला राग आला. कोणावर ते माहीत नाही, पण चांगला आला. रागात माझा अंगठा बरा चालतो. "त्यांच्या मागे" खोडलं आणि लिहिलं:

"शालिनी गजभिये यांच्या मागे कमल मेश्राम असा मोठा परिवार आहे."

पुन्हा वाचलं. ठणठणीत होतं. पाठवून दिलं.

थोड्या वेळानं ओवी म्हणाली, "ताई, सगळ्यांचं आलं. तुमचं ग्रुपवर दिसत नाहीये."

"बगीच्यात नेटवर्क कुठे आहे?" मी म्हटलं, आणि मोबाईल चार्जिंगला लावून गाढ झोपले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मजकूर वेळेआधी झाला होता.

* * *

शुक्रवारी सकाळी मी ओट्यावर चहा पीत होते. दामोदरकाका सौंसरहून पेपर घेऊन आले. मला पाहिलं. पेपर पाहिला. परत मला पाहिलं. आणि होते तिथेच खाली बसले.

"मॅडम... तुमी तर गेल्या ना?"

तिसरं पान. काळी चौकट. आतल्या मजकुरात काना-मात्रेचाही फरक नाही. खाली "जिल्हा प्रतिनिधीकडून" असंही छापलं होतं. मेलेली बाई आणि बातमी पाठवणारी बाई एकच, हे तिथल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं!

माझा अंगठा सवयीनं ग्रुपवर न जाता डेस्कवर गेला होता. माझ्या मोबाईलमध्ये डेस्क कायम सगळ्यात वर.

मला पहिला विचार आला तो मरणाचा नाही. त्या शेवटच्या ओळीचा. संपूर्ण जिल्ह्यात कमलचं नाव माझ्या नावाला जोडून छापलं होतं, आणि ती घरी एकटी होती!

"काका, फोन द्या. कमलला..."

"तिचा सकाळीच येऊन गेला. मले वाटलं असाच केला. विचारलं, बाई उठली काय? मी सांगतलं, दुसरा कप चालू हाय. बरं म्हणाली आणि ठेवला."

मी तशीच निघाले. ओवी गेटपर्यंत धावत आली. "ताई, दुपारी तुमचं वाचन आहे!"

"छापून आलं!" मी ओरडले.

बसमध्ये माझ्यापुढचा माणूस मोबाईल पाहत होता. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वाकून पाहिलं, तर मीच! गुड्डूनं खड्ड्यांचा व्हिडिओ पुन्हा टाकला होता. वर लिहिलं होतं, "निर्भीड पत्रकार का अंतिम इंटरव्यू." खाली हात जोडलेले, फुलं वाहिलेली.

त्या माणसानं मागे वळून मला सांगितलं, "मोठी डेअरिंगवाली बाई होती हो."

"होती ना," मी म्हटलं.

"रस्ता तरी करायला पायजे होता तिच्या हयातीत."

घरासमोर चपलांचा ढीग. आत गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. कोणी मेणबत्ती लावलेली, कोणी पांढरी फुलं आणलेली. माझा जुना फोटो खुर्चीत टेकवला होता. आणि मधोमध, दिवाणावर, कमल. शेजारी सुमनकाकू. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून काकू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या होत्या. एक हात डब्यावर आणि एक हात कमलच्या पाठीवर.

काकू म्हणत होत्या, "जोडी तुटली वं कमल तुमची. आता तुझं एकटीचं कसं होईन?"

मी दारात उभी. सगळ्यात आधी मला कमलनंच पाहिलं. तिनं डोळ्यांनी खूण केली: थांब जरा.

मी थांबले. माझ्याच घराच्या दारात, माझी बॉडी सौंसरहून कधी येणार आणि दहन कधी, या गप्पा ऐकत!

मग काकूंचं लक्ष गेलं. किंचाळल्या. दोन बाया मागच्या दारानं पळाल्या. काकूंनी मला हात लावून पाहिला, चिमटा घेऊन पाहिला, आणि खात्री पटल्यावर भडकल्या.

"जिवंत हाय तर सांगायचं ना! पहाटे उठून पिठलं केलं मी!"

मी कमलला आत ओढलं. "तुला तर सकाळीच माहीत होतं! या सगळ्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होती. पण तू अल्पशा आजारानं कायले लिहिलं वं? सकाळपासून बाया विचारून राहिल्या, नर्स घरात असून बाई गेली कशी? इज्जत गेली माझी!"

"कमल, मी काय विचारते आहे?"

तिनं ओट्यावरचा पेपर सरळ केला. घडी घातली. परत उघडली.

"सांगतेच वं आता," ती म्हणाली. "पण मले पहिल्यांदाच कोणी तुझ्याबद्दल विचारून राहिलं होतं. थोडं ऐकून घेतलं."

बाहेरून काकूंचा आवाज आला, "दोघी जणी बसा आता जेवायले! थंडं होऊन राहिलं!"

बसलो. एका ताटात पिठलं, एका ताटात भाकरी. काकू समोर बसून वाढत होत्या आणि रागानं जास्तच वाढत होत्या. तेवढ्यात डेस्कचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, हात पिठल्याचा होता.

"मॅडम! तुम्ही... म्हणजे आहात ना? माफ करा हो. पण मजकूर तुमच्याच नंबरवरून आला होता!"

"मेलेल्या माणसाच्या नंबरवरून आलेला मजकूर छापता कसा तुम्ही?"

"तुमची कॉपी आम्ही कधी तपासत नाही ना मॅडम. तुम्ही म्हणजे विश्वसनीय सूत्र! उद्या पहिल्या पानावर खुलासा छापतो. काय काय चुकलं, तेवढं सांगा."

समोर कमल भाकरी मोडता मोडता थांबली. काकूंचा चमचा हवेत.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "निधन चुकलं. बाकी मजकूर बरोबर आहे."